केंद्र आपलं, बैठक बेंगळुरूत: शिक्षकांच्या देशव्यापी जाळ्यात विभागीय केंद्र म्हणजे नेमकं काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्याची अट घातली. अशा वेळी शिक्षक सोबत शोधतो. आपल्या विषयाच्या देशव्यापी संघाचा तो पाचेकशे रुपये भरून सभासद होतो. आठवड्याने मोबाइलवर संदेश येतो: ‘आपले विभागीय केंद्र: कर्नाटक. बैठक: बेंगळुरू, रविवार, सकाळी १०.’

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी या संदेशाचं काय करायचं? शनिवारची सकाळची शाळा उरकून रात्रीची गाडी धरायची, ५०० किलोमीटर जायचं, कन्नड आणि इंग्रजीत चाललेली बैठक ऐकायची आणि सोमवारी प्रार्थनेच्या घंटेला परत हजर व्हायचं. एकदा जातील, पुढच्या खेपेला निरोप पाठवतील, तिसऱ्या वर्षी वर्गणी भरणार नाहीत. मुख्यालयाच्या कागदावर मात्र ‘सीमाभागातून प्रतिसाद नाही’ अशी नोंद होईल.

ही नोंद चुकीची का, आणि ती टाळायला काय करावं लागतं, ते मुळापासून पाहू.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

महाराष्ट्रात ‘केंद्र’ म्हटलं की केंद्रप्रमुख आणि त्यांच्याकडच्या दहा-बारा शाळा डोळ्यांपुढे येतात. कर्नाटकात त्यालाच क्लस्टर म्हणतात आणि तिथे सीआरपी, म्हणजे क्लस्टरचे साधनव्यक्ती, असतात. या लेखातलं केंद्र ते नव्हे.

इथे ‘जाळं’ म्हणजे शिक्षकांनी स्वेच्छेने, वर्गणी भरून उभारलेली देशपातळीवरची संस्था. पगार, बदल्या आणि पेन्शनसाठी भांडणारी कामगार-धाटणीची संघटना वेगळी; जाळ्याचं काम विषय, अध्यापन आणि अभ्याससाहित्याचं. इंग्रजी शिक्षकांची एल्टाय १९६९ सालची, गणित शिक्षकांची एएमटीआय १९६५ची, भौतिकशास्त्र शिक्षकांची आयएपीटी १९८४ची. अशा संस्थेचं एक मुख्यालय असतं. पण चेन्नईत किंवा दिल्लीत बसून अथणीच्या शिक्षकाला दर महिन्याला भेटता येत नाही, म्हणून देशाचे भाग पाडतात. त्या भागाचा कारभार पाहणारी मंडळी म्हणजे विभागीय केंद्र, आणि मुख्यालय, इतर केंद्रं व स्थानिक सभासद यांच्यात दुवा ठेवणारी व्यक्ती म्हणजे समन्वयक.

भाग कसे पाडायचे, यावर एकमत नाही. आयएपीटीच्या विभागीय परिषदा साधारण राज्यवार आहेत: महाराष्ट्राची वेगळी, कर्नाटकाची वेगळी. एल्टायच्या शाखा गावोगावी, शहरोशहरी निघतात. पहिल्या पद्धतीत हिशोब सोपा, पण माणूस दूर. दुसरीत माणूस जवळ, पण शाखा एकमेकींना ओळखतही नाहीत. दोन्हींतलं दुखणं एकच आहे, समन्वयाचं.

दिंडीचा हिशोब

समन्वय म्हणजे वरून आलेला आदेश खाली पोचवणं, असा एक समज आहे. तसं असतं तर पोस्टमन पुरला असता.

आळंदीहून निघणारा पालखी सोहळा पाहा. मुक्काम कुठे, निघायचं कधी, कोणती दिंडी कुणाच्या मागे, रिंगण कोणत्या दिवशी, हे सगळं सोहळा ठरवतो. त्यात दिंडीला सूट नाही. पण भिशी, म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी, किती घ्यायची, स्वयंपाकाला भाकरी की भात, तंबू कुठून, टँकर कुणाचा, यात सोहळा तोंड घालत नाही. ते दिंडीचं घर आहे. केंद्राचंही असंच असतं. सभासदत्वाचे नियम, वर्गणीचा दर, संस्थेचं नाव आणि मुद्रा, देशपातळीवरच्या परीक्षा आणि अधिवेशनाच्या तारखा मुख्यालयाच्या. कार्यशाळेचा विषय, भाषा, जागा, वेळ आणि साधनव्यक्ती (कार्यशाळा घेणारी जाणकार व्यक्ती) केंद्राच्या.

भांडणं होतात ती या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात: केंद्राने परस्पर प्रायोजक घ्यावा का, वेगळं प्रमाणपत्र छापावं का, सरकारी खात्याशी पत्रव्यवहार कुणाच्या सहीने करावा. एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या की वर्षातले निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत.

सोहळ्याच्या मुक्कामावर होणाऱ्या समाजआरतीच्या वेळची एक रीत इथे फार उपयोगी आहे. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जातो आणि विचारपूस होते. तक्रार ऐकायची वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि ती सगळ्यांसमोर. बहुतेक जाळ्यांमध्ये हीच सोय नसते. मग तक्रार समन्वयकाला रात्री अकरा वाजता फोनवर कळते, नाहीतर सभासदाने वर्गणी भरायची थांबवल्यावर.

सीमाभागात रेघ नेमकी कुठे अडते?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यातला मराठी माध्यमाचा शिक्षक एकाच वेळी तीन नकाशांवर राहतो. त्याची नोकरी, अभ्यासक्रम आणि परीक्षा कर्नाटकाची. शिकवण्याची भाषा मराठी. रोजची बस, बाजार आणि दवाखाना मात्र बऱ्याचदा रेघेपलीकडचा. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५. कागवाडच्या माणसाला मिरज अंगणात, बेळगाव दिवसभराचा प्रवास.

देशपातळीवरच्या सरकारी संस्थांनाही हे कोडं सुटलेलं नाही. एनसीईआरटीच्या प्रादेशिक शिक्षण संस्थांपैकी कर्नाटक म्हैसूरच्या संस्थेकडे येतं आणि महाराष्ट्र व गोवा भोपाळच्या. म्हणजे बेळगावच्या शिक्षकाचं राज्य म्हैसूरला आणि भाषा भोपाळला. भाषा शिकवणारं पश्चिम विभागीय भाषा केंद्र पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे आणि तिथे मराठी आहे. दक्षिण विभागाचं केंद्र पुन्हा म्हैसूरला.

मग सोपा उपाय सुचतो: सीमाभाग सरळ कोल्हापूरच्या केंद्राला जोडून टाका. भाषा एक, अंतर कमी. पण इथेच अनेकांची फसगत होते. महाराष्ट्रात दहावीच्या गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुणांचे. विज्ञानाचेही दोन भाग. कर्नाटकात एसएसएलसीला, म्हणजे तिथल्या दहावीला, गणिताचा एकच पेपर ८० गुणांचा, विज्ञानाचाही एकच, आणि प्रत्येकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रथम भाषा मराठी असेल तर ती १२५ गुणांची. २०२४ आणि २०२५ साली एसएसएलसीच्या वर्षाला तीन परीक्षा झाल्या. कोल्हापुरात मेहनतीने काढलेला सराव-संच निपाणीच्या वर्गात वाटला, तर मुलांचा गोंधळ वाढतो आणि पालक विचारतात, ‘सर, हा कुठला पेपर?’ खालच्या वर्गांचंही तेच. कर्नाटकात पहिली ते तिसरीला नलि-कलि हे कृतीतून आनंदाने शिकण्याचं तंत्र चालतं, १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे भागात सुरू झालेलं. पुण्याच्या साधनव्यक्तीला त्याचा गंध नसतो. ती दिवसभर छान बोलते, टाळ्याही घेते. पण सोमवारी वर्गात त्यातलं काय करायचं, हे शिक्षकाला उमगत नाही.

उलट बाजूने, बेंगळुरूची साधनव्यक्ती अभ्यासक्रम अचूक जाणते, पण ‘अपूर्णांक’ किंवा ‘प्रकाशसंश्लेषण’ हे शब्द तिच्याकडे नाहीत. दोघींपैकी एक निवडायची, हा प्रश्नच चुकीचा घातलेला आहे.

मग सभासद कुणाचा?

जमिनीचा उतारा आठवा. रान कसायला भाऊ असो, वाटेकरी असो, पाणी शेजारच्या विहिरीचं असो. उतारा एकच आणि नाव त्यावर एकदाच. सभासदत्वाचंही तसंच ठेवायचं: मूळ केंद्र एकच, अभ्यासगट हवे तितके.

मूळ केंद्र राज्यावरून ठरवावं, कारण परीक्षा, रजा, खात्याची पत्रं हे सगळं राज्यावर बेतलेलं आहे. म्हणजे खानापूरच्या बाईंचं मूळ केंद्र कर्नाटक. वर्गणीचा वाटा तिकडे, मत तिकडे. त्याच बाई ‘मराठी माध्यम विज्ञान’ या आंतरराज्य अभ्यासगटात असतील आणि कोल्हापूरच्या केंद्राच्या कार्यक्रमाला तिथल्या सभासदाच्याच दराने जातील. मराठीतून शिकवायचे शब्द, प्रयोगांच्या मराठी कृती, वाचनसाहित्य या गटात. प्रश्नपत्रिकेचा आराखडा आणि गुणदान मूळ केंद्रात. बिदर, भालकी, औराद, तसंच कारवार-जोयडा भागातले मराठी शिक्षकही याच गटात येतील. त्यांना बेळगावच्या बैठकांना बोलावण्यात मात्र अर्थ नाही. बिदर इथून ४०० किलोमीटरहून लांब आहे.

कर्नाटक केंद्राने पुढे उपकेंद्रं काढताना तालुक्यांची यादी बाजूला ठेवून एसटी स्टँडवरचं वेळापत्रक समोर घ्यावं. साधी कसोटी: सभासद सकाळी घरून निघून दहापर्यंत पोचला पाहिजे आणि दिवेलागणीला घरी. या कसोटीवर बेळगाव-खानापूर एक गट होतो, निपाणी-चिकोडी दुसरा, कागवाड-अथणी तिसरा. प्रत्येक गटाला एक उपसमन्वयक आणि एक ठरलेली शाळा पुरते.

यादी ठेवताना काही बारीक चुका वर्षानुवर्षं छळतात. पहिली, सभासद-क्रमांकात केंद्राचं सांकेतिक अक्षर घालणं. बेळगावची केए-२२ची गाडी कायमची कोल्हापूरला गेली की एमएच-०९ करण्यासाठी आरटीओच्या फेऱ्या माराव्या लागतात. तोच ताप यादीला कशाला? क्रमांक जन्मभराचा, कोरा आकडा असावा आणि केंद्र वेगळ्या रकान्यात. दुसरी, नावं. कर्नाटकात शाळेच्या दप्तरात ‘एस. बी. पाटील’, आधारवर संपूर्ण नाव, आणि महाराष्ट्राच्या पद्धतीने ‘पाटील सुनीता भरमा’. एकच बाई तीनदा सभासद होते. गावाचं नावही बेळगाव, बेळगावी, बेलगाम असं तीन तऱ्हांनी येतं. नावावरून जुळवत बसू नये. मोबाइल क्रमांक आणि जन्मवर्ष एकत्र पाहिलं की दुबार नोंदी सापडतात. माध्यम आणि परीक्षा मंडळ हे दोन रकाने यादीत हवेतच, बहुतेक छापील अर्जांत ते नसतात. केंद्र बदलायचं असेल तर अर्ज कधीही घ्यावा, बदल १ एप्रिलपासून लागू करावा, म्हणजे वर्गणीच्या वाट्याचा घोळ होत नाही.

आणि यादी कुणालाही देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, हा त्याचा गाभा. शिकवणी-वर्गवाला चहा पाजून यादी मागतो, ती देणारा समन्वयक सगळ्या जाळ्याला अडचणीत आणतो.

पैसा: एक पॅन, अनेक हात

केंद्राने स्वतंत्र नोंदणी केलेली नसेल, तर कायद्याच्या नजरेत ते वेगळी संस्था नसतं. ते मुख्य संस्थेचाच हात असतं. त्यामुळे पॅन मुख्य संस्थेचा, बँक खातं तिच्या ठरावाने, दोघांच्या सहीचं, आणि केंद्राचा पै-पैचा हिशोब मुख्यालयाच्या लेखापरीक्षणात मिसळतो. याउलट सात जणांनी मिळून कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० खाली वेगळी नोंदणी केली, तर ती संलग्न संस्था झाली: स्वतःचा पॅन, स्वतःची वार्षिक सभा, स्वतःचे हिशोब आणि स्वतःची डोकेदुखी. दीडशे-दोनशे सभासदांच्या केंद्राने या वाटेला जाऊ नये, असं स्पष्ट मत आहे. लेखापालाची फीच कार्यशाळेचे पैसे खाईल.

आकडे घालून पाहू. दर समजण्यापुरते घेतले आहेत. वर्गणी ५०० रुपये, सभासद २००, जमा १ लाख. केंद्राचा वाटा ४० टक्के धरला तर ४०,००० रुपये. ४० जणांच्या एका दिवसाच्या कार्यशाळेत जेवण माणशी १२० रुपयांनी ४,८००, दोन वेळा चहा १,२००, झेरॉक्स १,८००, दोन साधनव्यक्तींचा प्रवास ३,०००, प्रयोगाचं साहित्य २,२००. एकूण १३,०००, तेही शाळेने हॉल फुकट दिला तर. म्हणजे वर्षाला तीन कार्यशाळा, आणि शिल्लक १,०००. तिन्ही उपकेंद्रांना प्रत्येकी एक. चौथी हवी असेल तर सहभाग-शुल्क लावावं लागतं किंवा जेवणाचा डबा घरून आणायला सांगावं लागतं. डबा आणायला सांगितल्याने कुणी येत नाही, हा नुसता भ्रम आहे.

वाटा पाठवण्याची रीत फार महत्त्वाची. मुख्यालयाने वर्षअखेरीला, मार्चमध्ये एकदम पैसे पाठवले, तर जूनपासून केंद्र कोरडं राहतं आणि समन्वयक स्वतःच्या खिशातून खर्च करतो. नंतर तो मागायला लाजतो, किंवा मागतो तेव्हा पावत्या नसतात. त्याऐवजी एका कार्यशाळेपुरती उचल आधी द्यावी, पंधरा दिवसांत हिशोब आला की पुढची उचल. हिशोब नाही तर उचल नाही, यात नातं-ओळख आणू नये.

सीमाभागाची खास अडचण पावत्यांची असते. आचाऱ्याचं बिल कन्नडात, झेरॉक्सवाल्याचं मराठीत, आणि लेखापरीक्षक बसलाय दिल्लीत. प्रत्येक पावतीच्या पाठीवर त्याच दिवशी तारीख, रक्कम, कशाचे पैसे, एवढं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहून सही करावी. दोन मिनिटांचं काम. सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षणाच्या वेळी लिहायला बसलं तर दोन दिवस जातात आणि आठवतही नाही. वर्गणी समन्वयकाच्या स्वतःच्या क्यूआर कोडवर कधीही घेऊ नये, माणूस कितीही सज्जन असो. त्याच्या खात्यात आलेली रक्कम त्याचंच उत्पन्न दिसते आणि उद्या त्याचा जबाब त्यालाच द्यावा लागतो.

तारीख धरणं, हेच खरं कसब

कार्यक्रम फसतात ते बहुधा तारखेवर. कर्नाटकातल्या शाळा मे महिन्याच्या शेवटी उघडतात, महाराष्ट्रातल्या बहुतेक १५ जूनच्या सुमारास. इथे मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडे दिवाळीला. निपाणीच्या शिक्षकाला ऑक्टोबरमध्ये सवड असते, तेव्हा कागलच्या शिक्षकाची सत्र-परीक्षा चालू असते. दोन्ही बाजूंचे शिक्षक एकत्र हवे असतील तर मे महिन्याचे पहिले तीन आठवडे किंवा साधा रविवार, एवढंच हाती राहतं. सुट्टीवरही विसंबता येत नाही: २०२५च्या दसरा सुट्टीत कर्नाटकातले शिक्षक सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी दारोदार फिरत होते.

जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या पश्चिम भागात काही ठेवू नये. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला कारण सांगायला नको. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा बेळगावात लॉजची खोली मिळत नाही, मिळाली तर दर ऐकून माणूस परत फिरतो. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा आणि मराठी संघटनांच्या काळ्या दिवसाचा, टाळावा. त्या दिवशी इथे काय वातावरण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च एसएसएलसीचा. सीमेवर तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या रेघेवर थांबतात, म्हणून पलीकडून येणारी साधनव्यक्ती असेल तर इथलीच एक पर्यायी व्यक्ती त्याच विषयाची तयारी करून ठेवलेली असावी.

तारखेपासून मागे मोजत काम करायचं. ४५ दिवस आधी उपसमन्वयकांशी बोलून दोन तारखा निवडायच्या आणि शेजारच्या केंद्राला कळवायच्या, म्हणजे त्याच रविवारी कोल्हापूरचाही कार्यक्रम निघत नाही. ३० दिवस आधी बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला पत्र. कार्यक्रम शाळेच्या दिवशी असेल तर शिक्षकाला ओओडी, म्हणजे कर्तव्यावर असल्याची सवलत, लागते; ती मुख्याध्यापक परस्पर देऊ शकत नाहीत असं सांगून हात वर करतात, म्हणून खात्याचं पत्र हातात हवं. पत्र कन्नडात लिहावं. मराठीत किंवा इंग्रजीत दिलेलं पत्र नाकारतातच असं नाही, पण ते टेबलावर पडून राहतं. शिवाय बेळगाव जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. निपाणी-अथणीच्या शिक्षकांसाठी बेळगावच्या डीडीपीआयचं (शैक्षणिक जिल्ह्याच्या उपसंचालकांचं) पत्र चालत नाही, चिकोडीचं लागतं. हे न कळल्याने निम्मे शिक्षक ऐनवेळी अडकतात. १० दिवस आधी नावं पक्की, ३ दिवस आधी जेवणाचा आकडा. नाव दिलेल्यांपैकी काही येत नाहीत आणि न दिलेले काही येतात. दोन्ही मिळून आकडा साधारण तोच राहतो, असा आचाऱ्यांचा हिशोब आहे आणि तो सहसा चुकत नाही.

महिन्याचा एक फोन, एक पान

केंद्र आणि मुख्यालय यांच्यात महिन्याला एक ४० मिनिटांची ऑनलाइन बैठक पुरते. सुरुवात तक्रारींपासून करावी: टाळ कुणाचा वाजतोय? मग मागच्या बैठकीत ठरलेलं काय झालं, काय राहिलं. नवे बेत शेवटी. उलटं केलं की सगळा वेळ नव्या बेतांत जातो आणि अडलेलं अडूनच राहतं.

प्रत्येक केंद्राने त्याआधी एका पानाचा अहवाल द्यावा: सभासद किती वाढले-घटले, काय घेतलं, किती आले, किती खर्च, काय अडलं. ‘किती आले’ याच्या पुढे ‘किती दुसऱ्यांदा आले’ हा आकडा घालावा. पहिला आकडा जेवणावरून ठरतो, दुसरा कार्यशाळेच्या कसावरून.

व्हॉट्सॲप गटावर निर्णय घेऊ नयेत. तिथे सुप्रभात, वाढदिवस आणि सुत्तोलेची (परिपत्रकाची) पीडीएफ यांच्या गर्दीत ‘तारीख बदलली’ हा संदेश वाहून जातो. गट निरोपासाठी, निर्णय वहीत, तारीख आणि नावासह.

‘वेगळा गट मागणं म्हणजे सीमावाद जाळ्यात आणणं नाही का?’

ही शंका रास्त आहे आणि तिला नाक मुरडू नये. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शिक्षकांच्या जाळ्याने त्यावर अवाक्षर काढायचं कारण नाही. म्हणूनच मूळ केंद्र राज्याप्रमाणे ठेवायचं. अभ्यासगट माध्यमाचा आहे, प्रदेशाचा नाही. तसा उर्दू माध्यमाचाही निघू शकतो आणि निघावा. सरकारी पत्रावर ‘बेळगावी’ लिहावं, १ नोव्हेंबर २०१४पासून तेच अधिकृत नाव आहे. बोलताना ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्यावं. केंद्राच्या समितीत कन्नड माध्यमाचे शिक्षक असावेत. त्यांच्यामुळे पत्रव्यवहार सोपा होतो, आणि नलि-कलिच्या तक्त्यांवर त्यांचा हात सहसा जास्त बसलेला असतो.

‘सगळं ऑनलाइन होतं, मग केंद्र कशाला?’

तज्ज्ञाचं भाषण ऑनलाइन उत्तम होतं. त्यासाठी ४० माणसांना बसमध्ये बसवणं चूकच. पण ओहमचा नियम पडताळताना जोडणी चुकली, अमीटर समांतर जोडला आणि काटा सर्रकन टोकाला गेला, हे पडद्यावर कळत नाही. शेजारी उभ्या माणसाला कळतं. तीन ऑनलाइन सत्रांमागे एक प्रत्यक्ष दिवस, हे प्रमाण परवडतं आणि टिकतं. खानापूरच्या जंगलपट्टीत रेंजचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक सत्राचं ध्वनिमुद्रण आणि दोन पानी टिपण मागाहून पाठवावं.

‘सीआरपी आहेत, डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आहे. आणखी एक कशाला?’

सरकारी प्रशिक्षण आदेशाने होतं आणि सगळ्यांना एकच असतं. जाळ्यात माणूस आपली अडचण घेऊन येतो. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, पण तारखा मात्र येतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला डाएटचं वेळापत्रक मागून घ्यावं. एक इशारा: जाळ्याच्या प्रमाणपत्राचे तास धोरणातल्या त्या ५० तासांत आपोआप धरले जातील असं कुणालाही सांगू नये. खात्याला आधी लेखी विचारावं आणि उत्तर आल्यावरच पत्रकावर छापावं.

‘शेवटी एकच माणूस राबतो. तो दमला की केंद्र बंद.’

होय, केंद्रं बहुधा अशीच बंद पडतात. समन्वयकाची बदली होते, किंवा निवृत्तीनंतर तो मुलाकडे पुण्याला जातो, आणि त्याच्याबरोबर केंद्रही जातं. म्हणून मुदत दोन वर्षांची ठेवावी. पहिल्याच दिवशी उपसमन्वयक नेमावा आणि दुसऱ्या वर्षी निदान एक कार्यशाळा पूर्णपणे त्याच्या हाती द्यावी. सुपूर्द करायच्या वस्तूंची यादी आधीपासून भिंतीवर लावलेली असावी: सभासद-यादी आणि तिचा पासवर्ड, निर्णयांची वही, पावत्यांची फाइल, बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव, बीईओ ऑफिसला दिलेल्या पत्रांच्या पोच, आचारी आणि हॉलवाल्या शाळांचे नंबर, साहित्याच्या कपाटाची किल्ली. आणि केंद्राचं सिम कार्ड. पाच वर्षं सगळे ज्या नंबरवर फोन करत आले, तो जुन्या समन्वयकाच्या स्वतःच्या नावावर निघाला, तर नव्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते.